मागच्या जागेवर कोण

३ डिसेंबर

मास्तरीणबाई,

पाकिटावरचं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. फोन तू उचलत नाहीस. मेसेज पाठवला की दोन निळ्या खुणा येतात आणि पुढे सगळा शुकशुकाट. पत्राचं त्यापेक्षा बरं. वाचलंस की तसंच कचऱ्यात टाकलंस ते मला कळणार तरी नाही.

कामासाठीच लिहितेय. आपण होड्या ठेवतो त्या नावघरातल्या तुझ्या कपाटाला अजून तुझं कुलूप आहे. आत गेल्या हिवाळ्यातले तुझे ओले मोजे असावेत, असा वासावरून अंदाज. नावघरवाले काका म्हणाले, "त्यांना विचारा, नेताय की टाकू?" म्हटलं, विचारते. संपलं काम.

आता कागद उरलाच आहे तर हेही लिहिते, की रविवारी सकाळी मी तुम्हा दोघींना पाहिलं. मुद्दाम नाही. दुकानाच्या वरच्या खोलीतून नदी दिसते हे तुला माहीत आहे. आणि दुर्बिणी मी विकायलाच ठेवते, अधूनमधून एखादी चालवून बघावी लागते. लाल रंगाची दुहेरी होडी होती, पलीकडच्या नावघराची. पुढे कुणी उंच बाई, पाठ अशी ताठ की जणू कुणी तिचा फोटो काढतंय. आणि मागे तू.

मागे! इतके हिवाळे मागे मी बसायचे आणि पुढे तू. मी एकदा म्हटलं होतं, कधीतरी मागे बसून पायांनी सुकाणू सांभाळ, तर म्हणालीस, "मला नाही जमायचं, पायाला गोळे येतात." आता बरे नाही आले गोळे?

उन्हाळ्यात नदी सगळ्या जगाची असते, त्या भोंगे वाजवणाऱ्या मोटारबोटींची, आरडाओरडा करणाऱ्या सहलवाल्यांची. हिवाळ्यात ती आपली. हे वाक्य तुझं. त्यातलं "आपली" म्हणजे नेमकं कोण, तेवढं कळव. मोज्यांचंही कळव.

चष्मिष


१२ डिसेंबर

मास्तरीणबाई,

तुझं कार्ड मिळालं. "मोजे टाकून द्यावेत." द्यावेत! शाळेच्या फळ्यावर सूचना लिहिल्यासारखं. आमच्या ह्यांना दाखवलं तर म्हणाले, "ते काकांसाठी असेल." त्यांना काय, सगळ्यांचंच सगळं बरोबर वाटतं. म्हणून तर आमचा संसार टिकला.

ती बाई कोण ते मला कळलंय. मी विचारलं नव्हतं, काकांनीच सांगितलं. म्हणजे मी एवढंच विचारलं होतं की पलीकडे यंदा नवीन कोण आलंय. रेडिओवाली! रोज सकाळी हवामान आणि नदीची पातळी सांगणारी. "नदीवर आज दाट धुकं राहील, होडीवाल्यांनी काळजी घ्यावी." मला तो आवाज आवडायचा गं. दुकान उघडताना मी तोच लावत होते. आता लावत नाही. परवा ह्यांनी लावला, तर मी म्हटलं, बंद करा, डोकं दुखतंय. ते म्हणाले, "तिनं फक्त तापमान सांगितलं." पण कशा सुरात सांगितलं ते ह्यांना कुठं कळतंय.

कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय.

तुला आठवतं मार्चमधलं आपलं बोलणं? होड्या धुऊन उलट्या घातल्या, आणि तू ओल्या हातांनीच म्हणालीस, "पुढच्या हिवाळ्यात मी दुसऱ्या कुणाबरोबर जाणार आहे." मी विचारलं, कोण? "आहे एक." का? "तू आधी ओरडणं थांबव, मग सांगते." मी काही ओरडत नव्हते. माझा आवाजच तसा आहे. नवऱ्याला सोडून जाणारी बाईसुद्धा यापेक्षा जास्त बोलते. निदान "तुझी घोरण्याची सवय मला सोसत नाही," एवढं तरी त्याला सांगते.

मी सूचना फार देते, हे तुझं जुनं दुखणं. "डावं जोरात, उजवं थांबव, मान खाली." पण त्या सूचनांवर तू इतकी वर्षं कोरडी घरी गेलीस, हेही लक्षात ठेव.

कुलूप तोडून मोजे टाकले. वास अजून आहे.

चष्मिष


२१ डिसेंबर

मास्तरीण,

आज तुझी रेडिओवाली माझ्या दुकानात आली होती.

मी काउंटरमागे काचा पुसत होते. दाराशी आवाज आला, "डोळे तपासायचे होते," आणि माझ्या हातातली काच निसटली. सकाळचा आवाज दुपारी, माणसासकट. जवळून बघितली. आपल्यापेक्षा थोडी लहान, केस पांढरे पण मुद्दाम ठेवल्यासारखे. रंगवत नाही म्हणजे माज असणार.

"कुणी पाठवलं?" मी विचारलं.

"ओळखीच्या एक आहेत. म्हणाल्या, मन लावून तपासणारी नदीच्या दोन्ही काठांवर एकच."

हे वाचून तू हसणार असशील तर हस. मला तेव्हा हसू आलं नाही. माझं सगळं सोडून गेलीस आणि माझं दुकान तेवढं तिला दिलंस. मी कोण ते तिला सांगितलं होतंस की नाही कुणास ठाऊक. मी तिला खुर्चीत बसवलं.

तपासले डोळे. मन लावूनच तपासले, शत्रूचे असले तरी डोळे ते डोळे. काय दिसलं ते मी तुला सांगू शकत नाही. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांतलं बाहेर बोलायचं नाही, हा माझ्या धंद्याचा पहिला नियम. शिवाय उठताना ती म्हणाली, "मोठ्या डॉक्टरांचं औषध चालू आहे. पण हे या दुकानाबाहेर जायला नको." मी मान हलवली.

म्हणून एवढंच सांगते, आणि कारण विचारू नकोस. पुढे तू बस. तिला मागे बसव. धुकं असेल त्या दिवशी जाऊच नका. आणि डावीकडची बाजू तू स्वतः बघत जा. तिच्यावर सोडू नकोस.

हे मी कुठल्या वाकड्या मनानं लिहीत नाहीये. निदान या परिच्छेदात तरी नाही.

चष्मिष


२ जानेवारी

बाईसाहेब,

तुमचं उत्तर पोचलं. "तुझा मत्सर आता पत्रांतूनही ठिबकायला लागलाय. ती कुठे बसेल ते आम्ही दोघी बघू."

आम्ही दोघी!

मी खरं बोलले तर तो मत्सर. गप्प बसले असते तर तू पाण्यात गेल्यावर लोक म्हणाले असते, हिला माहीत होतं. म्हणजे मी तोंड उघडायचंही नाही आणि मिटायचंही नाही. बरं, आहे मत्सर. घे. सकाळी दुर्बीण लावते तेव्हा तुमची वल्ही एका लयीत पडताना दिसतात आणि मी एकेक फटका मोजत बसते. आपली लय बसायला दोन हिवाळे लागले होते. तुमची दोन महिन्यांत बसली. ह्यांनी दुर्बीण कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात. मी दुसरी काढली. दुकान माझं आहे.

पण मत्सर करणाऱ्या बाईला दिसतं ते खोटंच असतं, असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय? तिनं तुझ्यापासून एक गोष्ट लपवलीय आणि तू तिच्या पाठीमागे बसून निवांत वल्हं मारतेस. माझं तू ऐकणार नाहीस. स्वतःच्या डोळ्यांनी बघशील तेव्हाच तुला पटेल.

तर तेच होऊ दे.


१५ जानेवारी

बये,

मोटारबोटीत तुला ब्लँकेटांत गुंडाळलं होतं, ओठ निळे पडले होते, तरी तू विचारलंस, "तू तिथं काय करत होतीस?" मी म्हटलं, "सहज आले होते." तसल्या धुक्यात सहज कुणी अंगणातसुद्धा जात नाही. म्हणून आता खरं लिहिते. हॉस्पिटलात मला तुझ्या खोलीत सोडलं नाही. "नात्यातल्या आहात का?" असं विचारलं. मी काय सांगणार होते?

रविवारी उजाडल्यावर मी एकटीची होडी काढली. काका म्हणाले, "आज नका जाऊ, दहा हातांवरचं दिसत नाही." मी ऐकत नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्या लाइफ जॅकेटचे पट्टे ओढून बघितले, गळ्यात शिट्टी आहे ना ते बघितलं, आणि म्हणाले, "पाणी किती गार आहे ते हात घालून बघा आधी." मी बघितलं. बोटं लगेच बधिर झाली. तरी गेले.

तुमचा रस्ता मला माहीत होता, कारण तो आपलाच होता. मधल्या वाळूच्या बेटाला वळसा. मी बेटाच्या कडेला जाऊन थांबले. आधी तिचा आवाज आला, मग वल्ह्यांचा, मग धुक्यातून लाल टोक.

मला काय करायचं होतं, ते ऐक. गुपचूप डावीकडून यायचं, अगदी तिच्या खांद्याला खांदा लागेल इतकं जवळ. कुणीही मान वळवून बघेल. ती बघणार नाही. तिचा डावा डोळा कडेकडेनं विझत चाललाय, हे मला माहीत होतं. तू मागून मला बघशील, ती बघत नाही हेही बघशील, आणि तुला कळेल की चष्मिष खोटं बोलत नव्हती. एवढंच. तुम्हाला पाण्यात घालायचं माझ्या मनात नव्हतं. देवाशपथ नव्हतं.

आणि ठरवल्यासारखंच झालं. मी आले. तिनं बघितलं नाही. ती तुला कसलीशी गंमत सांगत होती, तोंड समोर, आणि मी तिच्या डावीकडे हातभर अंतरावर होते. तेव्हा मला काय वाटलं तेही लिहिते. मला आनंद झाला. शाळेत उत्तर बरोबर आल्यावर होतो तसा.

मग तू ओरडलीस, "चष्मिष!"

ती दचकून अख्खीच्या अख्खी वळली. तिचं वल्हं माझ्या होडीच्या नाकावर आपटलं, तिचा तोल गेला, आणि तुमची होडी झपकन पालथी झाली. आवाजसुद्धा फारसा झाला नाही. आत्ता दोघी होत्या, आणि आत्ता नुसतं लाल बूड.

तुम्ही दोघी वर आलात तेव्हा दोघींच्या तोंडून शब्द निघत नव्हता, नुसती धाप. तू उलट्या होडीला एका हाताने धरलं होतंस. दुसरा हात लोंबत होता, पडताना तो खांदा माझ्या होडीच्या काठावर आपटला होता. ती वाहत थोडी पुढे गेली होती. मी तुझ्याकडे वळले. विचार केलाच नाही, होडी आपोआपच तुझ्याकडे वळली.

"मला नको, तिला आधी!" तू म्हणालीस.

"तुझा हात..."

"तिला आधी घे! आणि उजवीकडून जा तिच्याकडे. डावीकडून तिला दिसत नाही!"

तुझे दात वाजत होते, पण शब्द मला स्पष्ट ऐकू आले. आणि बये, त्या क्षणी मला थंडी वाजली नाही, भीती वाटली नाही. मला एवढंच वाटलं, की हिला माहीत आहे. तिनं हिला सांगितलंय. माझ्याकडे जे एकच होतं, तेही माझं एकटीचं नव्हतं.

मी उजवीकडून गेले. म्हटलं, "होडीच्या शेपटीची दोरी धरा आणि पाय मारत राहा." तिनं धरली. तिच्या बोटांना पकड राहिली नव्हती, म्हणून दोरी मनगटाला गुंडाळून घ्यायला लावली. माझ्या खांद्यांत इतका जोर कुठून आला माहीत नाही. बेटाच्या वाळूला होडी घासली तेव्हा ती गुडघ्यांवर उभी राहिली आणि म्हणाली, "त्यांना आणा." त्या सकाळच्या आवाजातच. मी शिट्टी फुंकत परत फिरले. तू होतीस तिथे नव्हतीस. प्रवाहानं तुला खाली नेलं होतं आणि धुक्यात मला काही दिसत नव्हतं. मग तू शिवी हासडलीस. मास्तरीण असून इतकी घाण शिवी! त्या शिवीच्या रोखानं मी आले.

बाकीचं तुला माहीत आहे. काकांनी शिट्टी ऐकून मोटारबोट काढली.

मी माफी मागत नाहीये. म्हणजे मागायची आहे, पण कागदावर ती फार स्वस्त वाटते.

तुझी
चष्मिष


३१ जानेवारी

मास्तरीण,

काल तुझ्या घरी आले तेव्हा सगळं उलटं बोलून गेले. जिन्यात उतरताना बरोबर वाक्यं सुचली. ती आता लिहिते.

खांद्याचं हाड जुळायला एप्रिल उजाडेल असं तू सांगितलंस. मी खिडकीकडे बघत "अरेरे" म्हटलं. ते अरेरे नव्हतं. मला म्हणायचं होतं, तो खांदा मी मोडलाय.

मग मी विचारलं, मार्चमध्ये का नाही सांगितलंस? तू म्हणालीस, "तिचं गुपित होतं. आणि तू विचारलं कुठं होतंस? तू भांडलीस." बरोबर. पुढे म्हणालीस, "डॉक्टर म्हणतात, उजवाही किती दिवस साथ देईल सांगता येत नाही. तिला नदी बघून घ्यायची होती. हिवाळ्यातली, कुणी नसतानाची. मागे बसून डावीकडचं सांगणारं माणूस हवं होतं. तू काय, तू आहेसच. तू कुठं जातेस!"

जिन्यात सुचलं ते असं, की म्हणजे मी टिकाऊ, म्हणून मला फळीवर ठेवलंस? नासणारं आधी संपवायचं आणि लोणच्याच्या बरणीकडे ढुंकून बघायचं नाही? बरणीलाही वाटतं गं.

हे लिहून झालं आणि राग निम्मा उतरला. निम्मा आहे अजून. राहू दे.

आणि तू जे शेवटी मागितलंस, त्याचं उत्तर नाही असं आहे. "हिवाळा संपायला थोडे आठवडे उरलेत. तिला मागे बसायला कुणी नाही. तू बस." हे बोलताना तुला जरासुद्धा लाज वाटली नाही? मी तिला पाण्यात घातलंय. ती माझ्यापुढे पाठ करून बसेल? आणि मी त्या पाठीकडे बघत बसू, जिच्यामुळे माझा अख्खा हिवाळा वाया गेला?

ह्यांना सांगितलं. ते वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, "तुला जायचंय."

मी म्हटलं, मुळीच नाही.

"मग होडीचे बूट दाराशी कशाला काढून ठेवलेस?"

वाळायला ठेवले होते.

चष्मिष


१८ फेब्रुवारी

मास्तरीण,

गेले होते. आज तिसऱ्यांदा. आधी कळवलं नाही, कारण पहिल्या खेपेला आम्ही काठावरूनच परत येऊ अशी मला खात्री होती.

ती धक्क्यावर उभी होती, जॅकेट घालून. मी म्हटलं, "नमस्कार." ती म्हणाली, "तुम्ही मुद्दाम आला होतात ना त्या दिवशी?"

"हो."

"मला बुडवायला?"

"नाही. तुम्हाला दिसत नाही हे तिला दाखवायला."

तिनं जॅकेटचा पट्टा आवळला. मग म्हणाली, "मी त्या पाण्यात मेले असते."

"हो."

"मला तुमचा फार राग आलाय. आज तो जाणार नाही. पण ऊन पडलंय आणि वारा नाही, आणि असे दिवस माझ्याकडे किती आहेत कुणास ठाऊक. बसा मागे."

बसले. पहिल्या फेरीत मी मुकाट होते. तोंडून अक्षर नाही. तुला वाटलं असतं, ही आजारी आहे. बेटापाशी आल्यावर तीच थांबली. "तुम्ही बोलत का नाही? त्यांनी सांगितलं होतं की तुम्हाला सूचना देण्याची फार हौस आहे. मला तीच तर हवी होती. त्या सांगायच्याच नाहीत, मध्येच स्वप्नात जायच्या. दोनदा झाडाच्या ओंडक्यावर घातलंय मला."

म्हणजे तू मागे बसून स्वप्नात जातेस! मला माहीतच होतं.

मग काय, माझं तोंड सुटलं. डावीकडे तरंगता पिवळा बोया, वीस हातांवर. डावीकडे वाळू, पाणी उथळ, वल्हं आडवं धरा. डावीकडे बगळा. ती म्हणाली, बगळ्याचं नीट सांगा. मी म्हटलं, राखाडी आहे, एका पायावर उभा आहे, आणि बँकेतल्या कारकुनासारखा आपल्याकडे बघत नाहीये. तिनं मान पूर्ण वळवून उजव्या डोळ्यानं त्याला बघितलं. बराच वेळ बघितलं. मी होडी हलू दिली नाही.

ती तुझ्याबद्दल बोलते. मला ते आवडत नाही. तू शाळेतल्या कुठल्या पोराला काय म्हणालीस, तुला कशाची भीती वाटते, हे मला ठाऊक असलेलं ती मलाच सांगते आणि मी "हो का?" म्हणते. पण आज एक नवीन कळलं. तू तिला माझ्याबद्दल इतकं सांगितलंयस, की माझ्या दुकानात पाऊल टाकायच्या आधी तिला माझ्या ह्यांची किल्ली लपवायची सवयसुद्धा माहीत होती. "पहिला महिनाभर मला वाटायचं, होडीत आम्ही तिघी आहोत," ती म्हणाली. "मला तुमचा कंटाळा आला होता."

मी उजवं वल्हं जरा जास्तच जोरात मारलं असेल, कारण होडी वळली.

लय अजून बसलेली नाही. ती घाई करते. बसेल.

परत येताना पलीकडच्या धक्क्याजवळ, झोळीत हात अडकवलेलं कुणीतरी कठड्याला टेकून उभं होतं. उन्हानं तोंड दिसलं नाही. तू होतीस का? मी वल्हं उंच करून हलवलं, पण त्या व्यक्तीनं हात हलवला नाही.

चष्मिष


२५ फेब्रुवारी

माझी मास्तरीण,

तुझं कार्ड आज आलं. डाव्या हातानं लिहिलेलं, अक्षर उताराला लागलेलं. ना मायना, ना खाली सही. एकच ओळ.

"धक्क्यावर मीच होते. एवढं काय हसत होतात दोघी?"

मी ती ओळ आधी उभ्यानं वाचली, मग खुर्चीत बसून वाचली. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याला म्हटलं, जरा थांबा, महत्त्वाचं आहे. मग ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. ते म्हणाले, "सांगून टाक की बिचारीला. घरात एकटी बसलीय, खांदा दुखतोय."

सूप करून आणीन. शाळेचे पेपर तपासायला मदत करीन, बेरजा मला येतात. एप्रिलमध्ये तुझी झोळी सुटली की डॉक्टरांकडे मी नेईन, आणि नात्यातल्या आहात का विचारलं तर या वेळी हो म्हणेन. पुढच्या हिवाळ्यात तिघींची होडी मिळते का, हे काकांना विचारून ठेवलंय. ते म्हणाले, मिळते, पण तीन बायका आणि एक सुकाणू म्हणजे भांडण ठरलेलं. मी म्हटलं, ते आमचं आम्ही बघू.

यातलं काहीही माग.

पण कशाला हसत होतो, ते नाही सांगणार. ते आमच्या आमच्यातलं आहे.

चष्मिष